मक्याच्या केसांची बरणी

टेलर मास्तरांना मूतखडा झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं फारसं मनावर घेतलं नाही. खडा लहान आहे, भरपूर पाणी प्या, पडून जाईल, असं डॉक्टरच म्हणाले होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला तो शिलाई मशीनवरची बरणी बघून. घराखालच्या दुकानासमोर बसणाऱ्या भाजीवालीनं मक्याच्या कणसांचे केस वाळवून, निवडून बरणीभर दिले होते. चिमूटभर केस पाण्यात उकळायचे, पाणी गाळून प्यायचं.

"तिच्या आजीचं औषध आहे. किती जीव लावून केलंय बघ," मास्तर म्हणाले. बायकोच्या हातच्या चहाला या माणसानं कधी बरं म्हटलं नव्हतं.

तिनं दुपारी बरणी कचऱ्यात रिकामी केली. पण वैर भाजीवालीशी होतं, नवऱ्याच्या दुखण्याशी नव्हतं. तिच्याकडचं कणीस तर घ्यायचंच नाही, म्हणून दोन बस बदलून ती लांबच्या बाजारात गेली, पिशवीभर कणसं आणली, केस काढून गच्चीवर कडक उन्हात वाळवले आणि त्याच बरणीत भरले. आठ दिवस पोरं दोन्ही वेळा उकडलेला मका खाऊन कावली. काढा मात्र ती जातीनं करायची.

नवव्या दिवशी खडा पडला. मास्तर बरणी घेऊन तडक भाजीवालीकडे. "काय गुण आहे हो तुमच्या हाताला!"

बायको दुकानाच्या दारातून ऐकत होती. खरं सांगावं तर केस फेकल्याचं कबूल करावं लागणार. गप्प बसावं तर ही बया आयत्या बिळावर नागोबा होणार. ती दात-ओठ खात उभी राहिली.

भाजीवालीनं बरणीतले केस चिमटीत धरले. "मास्तर, हे माझे नव्हेत. मी सावलीत वाळवते, हे उन्हात करपलेत. तुमच्या कचऱ्यात रोज कणसांची सालं दिसायची, आणि माझ्याकडून तर एक कणीस गेलं नाही. गुण वहिनींच्या हाताला आहे."

मास्तर वळले आणि बायकोकडे बघतच राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

हीच नजर तिला हवी होती. पण ती मिळाली समोरचीकडून, भाजीवर कोथिंबिरीची काडी फुकट टाकावी तशी. इतकी जळफळ तिची आठ दिवसांत एकदाही झाली नव्हती.