मास्तरांची बधिर बोटं

कारखाना म्हणजे गोदामावरचा माळा. दहा शिलाई मशिनी, दोन पंखे आणि मधोमध कापणीचं लांबलचक टेबल. त्या टेबलापाशी मास्तर सव्वीस वर्षं उभे होते. कापडाचे थर एकावर एक रचून ते अशी कात्री चालवायचे, की सगळ्यात खालच्या थराचीही कड हलायची नाही. त्यांची बायको पलीकडे बसून काज-बटणं करायची. सगळे तिला गमतीने मास्तरीणबाई म्हणत.

एका सकाळी मास्तरांना सदऱ्याचं बटण लावता येईना. बोटांना मुंग्या आल्या होत्या. बायकोने लावून दिलं.

“तीस वर्षं संसार केला, आता नवऱ्याला कपडेही मीच घालू का?” ती हसली.

“कारखान्यात बोलू नकोस. हात गेला म्हटलं की टेबल गेलं.”

ती कुणाकडेच बोलली नाही. रोज बटणं लावत राहिली. चारचौघांत त्यांच्या हातून कप निसटला, की “माझाच धक्का लागला” म्हणायची. अशी दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी धागे कापणारी म्हातारी किंचाळली. पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरत होता आणि मास्तर मान खाली घालून कापतच होते. डाव्या हाताचं बोट चांगलंच चिरलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली. “दोन्ही मनगटांत शीर दाबली गेलीय. कधीपासून होतंय हे?”

“दोन वर्षं,” मास्तरीणबाई म्हणाली.

“अहो, तेव्हाच यायचं होतं.”

ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, बोटं बधिरच राहिली. टेबलापाशी दुसरा माणूस आला.

“मीच तोंड उघडायला हवं होतं,” ती म्हणाली.

“गप्प तर मी केलं तुला.”

तेवढ्याने तिच्या जिवाला स्वस्थता आली नाही.

मुलगी बाळाला घेऊन पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मास्तर बाळाला घेईनात. “निसटलं तर कळायचं नाही गं मला.”

मास्तरीणबाईने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. मांडीवर उशी ठेवली, उशीवर बाळ. हात मागे घेऊन ते वाकले आणि बाळाच्या टाळूला गाल लावला.

“किती मऊ आहे!”

थोड्या वेळाने बाळ भुकेने रडायला लागलं. मुलीने त्याला उचलून आत नेलं. मास्तर तसेच, रिकाम्या उशीवर वाकून बसले होते.