चौघींचं एक खातं

त्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या मोकळ्या मनगटानं. घड्याळ आदल्या दिवशी इस्पितळात बाबांच्या हातात बांधून आल्या होत्या. "इथं वेळच कळत नाही गं," बाबा म्हणाले होते, म्हणून. दुपारी चारला त्यांना ऑपरेशनला न्यायचं होतं. "त्याआधी ये. तुला एक विचारायचंय," एवढंच ते बोलले होते. ताईंनी साहेबांकडून तीन वाजता निघायची परवानगी काढली होती. इस्पितळ पंधरा मिनिटांवर होतं.

ऑफिस होतं परदेशात माल पाठवणाऱ्यांचं, एका इमारतीच्या तळघरात. खिडकी नाही, त्यामुळे सकाळ काय नि संध्याकाळ काय, दिव्याचा उजेड तोच. कंपनीची एक शाखा दुसऱ्या देशात होती आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागं होतं. आता प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्याला कॉम्प्युटरवर स्वतःच्या नावाचं खातं होतं. खातं उघडलं की त्याचं नाव झळकणार, त्यानं लावलेली वेळ दिसणार. काउंटरवरच्या चार बायकांना मात्र मिळून एकच कॉम्प्युटर आणि एकच खातं. त्या खात्याचं नाव 'काउंटर'. बारा वर्षांपूर्वी ताईंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा साहेब हसून म्हणाले होते, "अहो, तुम्ही सगळ्या घरच्यासारख्याच. घरात काय प्रत्येकीची वेगळी चूल असते का?"

घरच्यासारख्या! हा शब्द ऐकला की समजावं, आपलं काहीतरी जाणार आहे.

एकच खातं, म्हणजे शेवटी कुणी जी वेळ लावली तीच चौघींची. कुणी शाखेच्या कामासाठी तिकडची वेळ लावायचं आणि तशीच ठेवून जायचं. भिंतीवर घड्याळ होतं, तेही साहेबांनी उतरवलं, कारण दोन वेळा दिसल्या की म्हणे गोंधळ होतो. मोबाइल आवाज बंद करून खणात कुलूपबंद. हा नियमही फक्त काउंटरला. मग ताईंनीच युक्ती काढली. पुठ्ठ्याचं एक कार्ड कापलं, एका बाजूला लिहिलं 'आपली', दुसऱ्या बाजूला 'त्यांची', आणि पडद्याच्या कोपऱ्याला दोऱ्यानं टांगलं. वेळ बदलणाऱ्यानं कार्ड फिरवायचं. कार्ड झाल्यावर चौघींनी चहा मागवला होता. काकू, म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात जुनी, कौतुकानं म्हणाल्या होत्या, "बाई, तुझं डोकं म्हणजे डोकं."

ते डोकं न्याय मागायला वापरायचं, ते अन्याय सोयीचा करायला वापरलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईंच्याही नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी ताई जुन्या फायली काढायला मागच्या खोलीत गेल्या. धूळ, गठ्ठे, त्यात सापडायच्या त्या फायली सापडेनात. इकडे दोन वाजता साहेबांच्या केबिनमधला कॅमेरा बंद पडला, म्हणून ते काउंटरच्या कॉम्प्युटरवर येऊन बसले. शाखेशी मीटिंग होती. शाखेची वेळ लावली, फोन वाजू नये म्हणून रिसीव्हर काढून ठेवला, अर्धा तास बोलले आणि उठून गेले. रिसीव्हर तसाच. वेळ तशीच. कार्ड तसंच. चिमणी गिऱ्हाइकांत गुंतलेली, तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

ताई हात झटकत बाहेर आल्या. पडद्यावर एक पस्तीस. कार्डावर 'आपली'.

"अगबाई, अर्धाच तास झाला? मला वाटलं, चांगला दीड तास गेला."

"कामात असलं की असंच होतं हो ताई," चिमणी काउंटरवरून मान न वळवता म्हणाली. ती चौघींत सगळ्यात धाकटी. काकू आणि चौथी त्या दिवशी रजेवर होत्या. तेव्हा काम दोघींवरच होतं.

ताईंना बरंच वाटलं. जास्तीचा तास मिळाला म्हणून त्यांनी बाबांसाठी विचार करून ठेवला, काय बोलायचं ते. बाबा आयुष्यभर लोकांच्या दारांवरच्या पाट्या रंगवत आले होते. गावभर नावं लिहिली. लेक नोकरीला लागल्यापासून त्यांचा एकच प्रश्न, "ऑफिसात तुझ्या नावाची पाटी कुठंय?" आणि ताईंचं एकच उत्तर, "आहे की बाबा, टेबलावर." टेबल कुठलं आणि पाटी कुठली! आज त्यांना खरं सांगून टाकायचं होतं.

पडद्यावर तीन झाले. ताई उठल्या, खणाची किल्ली घेतली, मोबाइल काढला. त्यावर चार वाजून दोन मिनिटं. आणि भावाचे एकवीस फोन येऊन गेलेले.

त्या रस्त्यानं धावत सुटल्या. पोचल्या तेव्हा खाट रिकामी होती. बाबांना नेऊन पाव तास झाला होता आणि ऑपरेशनमधून ते परत आले नाहीत.

भाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्यानं घड्याळ ताईंच्या हातात दिलं.

"सारखं घड्याळ बघत होते गं. आली का, आली का. मी आपला म्हणत होतो, निघालीय, येतेय. ऑफिसचा फोनही लागेना."

"काय विचारायचं होतं रे त्यांना?"

"तुझं टेबल केवढं आहे ते. म्हणाले, बरा झालो की नवी पाटी करतो, जुनी फिकी पडली असेल."

ताईंना रडूही फुटेना. घड्याळ मुठीत घट्ट धरून त्या त्या रिकाम्या खाटेवर बसून राहिल्या.

आठवड्यानं त्या कामावर गेल्या. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "फार वाईट झालं. पण ताई, कार्डावर इतकं विसंबायचं नसतं. एकदा कुणाला विचारायचं होतंत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. साहेब वाईट मनाचे नव्हते. वाईट मनाची माणसं थोडीच असतात हो, चालत आलंय ते चालू देणारी फार.

ताई काउंटरवर गेल्या. कार्डाचा दोरा तोडला आणि ते पुठ्ठ्याचं कार्ड साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं.

"हे मी केलं होतं. माझंच चुकलं. बारा वर्षांपूर्वी कार्ड करायच्या ऐवजी भांडायला हवं होतं. आता चौघींची चार खाती झाल्याशिवाय मी त्या कॉम्प्युटरला हात लावणार नाही."

"अहो, एका नावासाठी एवढं?"

मागून काकू उठल्या, चिमणी उठली, चौथी उठली. काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग वाढत गेली. तासाभरानं साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं.

"आधी काकूंचं करा," ताई म्हणाल्या. मग चिमणीचं झालं, चौथीचं झालं. शेवटी त्यानं ताईंना नाव विचारलं आणि टाइप केलं. पडद्यावर ते ठळक अक्षरांत उमटलं. बाबांनी रंगवलं असतं तर वेलांटी जरा डौलदार काढली असती.

"वेळ कुठली लावू?"

"आपली," ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांना रडू कोसळलं.

चारही खाती करायला किती वेळ लागला, ते ताईंनी बाबांच्या मनगटावरून परत आलेल्या घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं. बारा वर्षं जे जमत नव्हतं, ते दहा मिनिटांचं काम होतं. आपल्याही आसपास अशी दहा मिनिटांची कामं किती पडून आहेत, आणि कोण कुठल्या खाटेवर कुणाची वाट बघतंय, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.