शेऱ्यातलं मीठ

निघोजेच्या आमच्या वृद्धाश्रमाचा मी अधीक्षक, हिंदुराव. देवापेक्षा माझा शेरेबुकावर जास्त विश्वास. तीस वर्षांत तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यात जे लिहिलं ते झालंच. 'छत गळते' लिहिलं, पत्रे बदलले. 'पंखे नाहीत' लिहिलं, पंखे आले. आम्ही नुसते अर्ज करत बसलो असतो तर अजून घाम पुसत असतो.

म्हणूनच गेल्या खेपेचा शेरा मला झोपू देत नव्हता: 'पुन्हा भाजी अळणी. सुधारणा न झाल्यास स्वयंपाकीण बदलावी.'

कौशल्याबाई एकोणीस वर्षं आमच्याकडे रांधते. परभणीहून आली, आश्रमातच राहते, दुसरं घर नाही. एरवी तिच्या आमटीला बोटं चाटावीत, पण कोरोनानंतर दर तपासणीला नेमकी माती खायची. मी तिला नाही नाही ते बोललो. ती खाली मान घालून ऐकायची.

नियमात मात्र मी चोख. साहेब येणार म्हटलं की आज्यांना धुवट लुगडी नेसवून खाटांवर बसवायचो. त्यांतली जाईबाई तर स्वयंपाकघरातच पडीक. तिला हाताला धरून बाहेर काढायचो. म्हाताऱ्यांना कामाला जुंपलं, असं कुणी लिहायला नको.

यंदा तपासणीला श्रद्धा मॅडम न कळवताच आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. जाईबाई तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून तळहातावरची आमटी चाखत होती. अजून चिमूटभर टाक, म्हणत होती. संपलं सगळं, असं मला वाटलं.

मॅडमनी तिला विचारलं, कामाला कुणी लावलं?

"कुनी न्हाई. कोरोनात हिच्या जिभंची चव गेली, ती आलीच न्हाई. माझं हात थरथरत्यात. दोघी मिळून एक सैपाकीण हाय आमी."

कौशल्याबाईचा हात पातेल्यावरच थांबला. नोकरी जाईल म्हणून तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मीठ सांगणारीला दर तपासणीला मीच बाहेर काढत होतो. मला माझीच लाज वाटली.

मॅडम तिथेच पाटावर बसून जेवल्या. दुसरी भाकरी मागून घेतली. मग शेरेबुकात लिहिलं: 'मीठ बरोबर. स्वयंपाकघरात जाईबाईंसाठी पाठ टेकायला येईल अशी खुर्ची द्यावी.'

सरकारी शेरा तो. त्याच दुपारी पिंपरी कॅम्पातल्या बाजारातून मी खुर्ची आणली. कौशल्याबाईने ती आधी पदराने पुसली, मग जाईबाईला बसवलं.