गच्चीवरची लेन्स

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे.

माझा जन्म जपानचा. पाचशे मिलिमीटर, काळी, चांगली हातभर लांब. माझं काम एकच, लांबचं जवळ आणायचं. पण माझी एक अट असते. ऊन हवं. मला कडक, डोळे मिटायला लावणारं ऊन लागतं, कारण मी उजेड फार थोडा आत घेते. ही काही खोड नाही, मला घडवलंच तसं. देवळाली कॅम्पातले एक फौजी साहेब मला भर दुपारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यायचे. पाण्यातल्या बगळ्याचं पीस न् पीस मी दाखवायची. साहेब म्हणायचे, "वा!" माझ्या आयुष्यातलं खरं कौतुक तेवढंच. पुढचं सगळं खोटं.

साहेबांची बदली झाली. त्यांनी मला कॅम्पच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या यादवकडे विकायला ठेवलं. साल पंचाण्णव, दसऱ्याच्या आधीची गोष्ट. एक मुलगी दुकानात आली, उत्तरा. सोबत वडील, वेणीमाधव गुरुजी. पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगणारे, कडक इस्त्रीचं धोतर, त्याहून कडक चेहरा.

उत्तरा एका दैनिकात नुकतीच लागली होती. संपादकांनी तिला सांगितलं होतं, "रविवारी मुलींच्या खो-खोची फायनल आहे. सूर मारतानाचा एक फोटो आण. चेहरा दिसला पाहिजे. आणलास तर क्रीडा पान तुझं. नाहीतर पाककृतीचं पान आहेच, तिथं मुलगी लागतेच."

यादवनं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक मी. दुसरी एकशे पस्तीसची, बुटकी, मोठ्या तोंडाची.

"ताई, ही बुटकी घ्या," यादव म्हणाला. "उजेड भरपूर घेते. खेळ संध्याकाळचा असला तरी पोरगी धावतानाच थिजल्यासारखी येईल फोटोत."

उत्तराचा हात बुटकीकडे गेलाही होता. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "हिने किती लांबून फोटो निघतो?"

"लांबून नाही गुरुजी. मैदानाच्या कडेला बसावं लागेल."

"कडेला म्हणजे गर्दीत?"

"हो, म्हणजे, खेळाडू, पंच, पोरं..."

"मग ती नको. ही लांबडी द्या."

"गुरुजी, हिला ऊन लागतं."

"आमच्या घरातली मुलगी पोरांच्या घोळक्यात मातीत बसणार नाही. लांबून काय काढायचे ते फोटो काढ म्हणावं."

बघा मित्रांनो! बगळ्यासाठी नाही, खेळासाठी नाही. अब्रू किती पावलांवर राहते, ते मोजून मला निवडलं. जिच्या हातात मला राहायचं होतं तिला कुणी विचारलंच नाही. ती बिचारी बुटकीकडे बघत राहिली आणि मी पिशवीत गेले.

दोन दिवसांनी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. विळी झाली, अडकित्ता झाला, शिवणयंत्र झालं. मग गुरुजींनी मला पाटावर उभं केलं आणि फिरवून फिरवून बघितलं. "हिचं कपाळ कुठलं?" त्यांना वाटलं, चकचकीत आहे तेच. ओलं गंध, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, थेट माझ्या पुढच्या काचेवर! उत्तरा स्वयंपाकघरातून ओरडत आली, "बाबा, काच! काच!" पण तोवर मंत्र संपला होता. तिनं ओढणीनं पुसलं. कुंकू निघालं नाही, पसरलं. तांदळाचा एक दाणा माझ्या फिरत्या कड्यात जाऊन बसला. त्या दिवसापासून मी फिरताना करकरते. अहो, विळीच्या पात्यावर हळद लावली तर कोशिंबीर पिवळी होते, एवढंच. माझ्या डोळ्यात कुंकू घातलंत तर जग गुलाबी होतं!

रविवार उजाडला. सामना चारचा. गुरुजी स्वतः सोबत आले आणि जागाही त्यांनीच शोधली, शेजारच्या शाळेची गच्ची. मैदानापासून मोजून ऐंशी पावलं. कठड्याशी सतरंजी टाकली, उत्तराला बसवलं, मला तिच्या कॅमेऱ्याला लावलं.

चार वाजता मस्त ऊन होतं. मी तयार. पण प्रमुख पाहुणे शहरातल्याच द्वारका चौकात, गाड्यांच्या गर्दीत अडकलेले. पाच वाजले. पाहुणे आले, हार झाले. मग हार घालणाऱ्यांना हार झाले. मग भाषण. "क्रीडा म्हणजे काय?" असं पाहुण्यांनी विचारलं आणि अर्धा तास स्वतःच उत्तर दिलं. पहिला खो मिळाला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि चार हॅलोजन फडफडत होते.

आता माझ्यातून काय दिसणार? गुलाबी धुकं. त्या धुक्यात एक ढोपर यायचं, एक वेणी यायची, पंचांची शिट्टी यायची. मुलगी चौकटीत येईपर्यंत निघून जायची आणि मी करकरत मागे फिरायची. उजेड इतका कमी की धावणारी प्रत्येक पोरगी नुसती रेघोटी.

"बाबा, हिच्यातून नुसती भुतं दिसतायत."

"मग भुतांचे काढ. बसल्या जागी काढ."

"शेवटचा डाव सुरू झालाय, बाबा. आज फोटो नाही मिळाला तर उद्यापासून मी कोशिंबिरी लिहीत बसणार."

"वाईट काय आहे कोशिंबिरीत?"

उत्तरानं मला खटकन काढलं, वडिलांच्या मांडीवर ठेवलं, कॅमेऱ्यासोबत आलेली बोटभर उंचीची साधी लेन्स पिशवीतून काढून लावली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली.

"उत्तरा! खाली सगळी पोरं आहेत!" गुरुजी ओरडले. पोरांनी सगळ्यांनी वर बघितलं.

गुरुजींना काय करावं सुचेना. त्यांनी मला उचललं आणि दुर्बिणीसारखं डोळ्यापुढे धरलं. आता नुसत्या लेन्समधून सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, मैदान वर, आणि वर लटकलेली त्यांची लेक, कडेच्या गर्दीत उभी.

"ताई, उभ्यानं काय दिसंल?" खाली एक खेळाडू ओरडली. मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यातली भाग्यश्री, ढोपरं फुटलेली. "त्या खांबाशी झोपा. ती पोरगी तिथंच वळती, मी तिथंच सूर मारणार हाय."

"अंगावर पडलीस तर?"

"पडले तर पडले. फोटो तर लय जवळून येईल!"

आणि पंचवटीच्या गुरुजींची कन्या भर मैदानात, मातीत, पोटावर आडवी झाली. शेजारच्या पोरांनी मुकाट्यानं जागा करून दिली. एकानं तर मागच्यांना दटावलं, "ए, सावली पाडू नका रे!" भाग्यश्री खांबाला वळसा घालून अशी झेपावली की तिची बोटं पुढच्या मुलीच्या टाचेला लागली आणि हनुवटी कॅमेऱ्यापासून चार हातांवर आदळली. खट्!

गुरुजींनी ते सगळं पाहिलं. उलटं का होईना, पाहिलं.

सोमवारी फोटो छापून आला. टाच, बोटं, उडालेली माती आणि दात आवळलेला चेहरा. खाली उत्तराचं नाव. क्रीडा पान तिला मिळालं.

इथून माझा खरा संताप सुरू होतो. गुरुजी तो अंक घेऊन घाटावर गेले आणि यजमानांना दाखवायला लागले. "आमच्या लेन्सनं काढलाय. ऐंशी पावलांवरून. कन्या गच्चीवर माझ्या शेजारी बसली होती." लोक घरी येऊन मला हात लावून नमस्कार करायला लागले. मी न काढलेल्या फोटोसाठी!

उत्तरा पहिल्यांदा चिडली. मग तिच्या लक्षात आलं की मी पिशवीत असले की बाबा कुठंही जाऊ देतात. पगार झाल्यावर तिनं यादवकडून ती बुटकी आणली. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला आम्ही दोघी. बुटकी फोटो काढायची आणि मी पिशवीत चारित्र्याचा दाखला म्हणून पडून असायची. आठ वर्षं! एकदाही माझं झाकण निघालं नाही. ओल शिरली. आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता ऊन दिलंत तरी बगळा दिसायचा नाही.

दोन हजार तीन साली उत्तराच्या भावाची मुलगी वल्लरी शाळेच्या खो-खोत निवडली गेली. आजोबांसमोर येऊन उभी राहिली. भिंतीवर तो फोटो चौकटीत लावलेला होता.

"आजोबा, मलापण खेळू द्या ना. मी गच्चीवरून खेळीन. आत्यानं फोटो काढला तसं."

गुरुजी सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"गच्चीवरून खो-खो होत नाही गं."

"मग फोटो कसा झाला?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "फोटोही नाही झाला. तो तुझ्या आत्यानं काढलाय. खाली जाऊन, मातीत झोपून. मी नको म्हणत होतो."

उत्तरा ओल्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय म्हणालात, बाबा?"

"काही नाही. उद्या हिला मैदानावर घेऊन जा. आणि ती लांबडी घरी ठेव, उगाच ओझं."

उगाच ओझं! ऐकलंत? एक खरं वाक्य बोलायला माणसाला आठ वर्षं लागली, ती मी पिशवीच्या तळाशी काढली, आणि मी ओझं!

मित्रांनो, लेन्स कोरड्या जागी ठेवा, काच मऊ कापडानं पुसा, अधूनमधून उन्हात काढा. हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगते, घरातल्या कुणाला लांब ठेवायचं असेल तर तसं तिच्या तोंडावर बोला. त्यासाठी लेन्स विकत आणू नका.