तुळईच्या अलीकडे

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. ताउनोचं घर मात्र वासे, दारं, चूल असं सगळं बरोबर घेऊन ट्रकात बसून फिरलं आणि सरोवराकाठच्या, जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात येऊन उभं राहिलं. भिंतींच्या ओंडक्यांवर आकडे टाकून ते सुटं केलं होतं आणि इथे जसंच्या तसं जुळवलं होतं. घरामागोमाग ताउनोही आला. दर उन्हाळ्यात जुन्या पद्धतीचा जाडाभरडा सदरा घालून तो तिथल्या बाकावर लाकडी चमचे कोरत बसायचा. "इथे खरंच कुणी राहायचं?" असं पाहुणे विचारायचे. "छे हो, भुतं राहायची," तो म्हणायचा, "त्यातलंच मी एक उरलोय." वर आढ्याच्या दांडीवर जुन्या रीतीने टांगलेल्या काळ्या पावांना उंदरांच्या भीतीने वॉर्निशचा हात दिलेला होता. त्या घरात खोटं तेवढंच.

पण एक गोष्ट त्याला सारखी डाचायची. हे घर त्याने सायमीला न विचारता देऊन टाकलं होतं. सायमी त्याची थोरली बहीण. कारखान्यातल्या नोकरीपायी स्वीडनला गेली ती तिकडचीच झाली. छप्पर गळत होतं, एकट्याच्याने घर सांभाळणं होत नव्हतं, सगळं खरं. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, या धास्तीने त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला ती नेहमीप्रमाणे घरी आली, तर तिथे पायाचे दगड आणि त्यांत माजलेलं गवत. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आणि आज भर दुपारी ती दारातून आत आली, हातात तिकीट घेऊन. दोन पावलं टाकली आणि छताच्या आडव्या तुळईखाली थांबली.

आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. परका माणूस त्या तुळईशी थांबतो. फेरीवाला असो की मुलगी मागायला आलेला, घरच्यांनी 'आत या' म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. घरचं माणूस तिथे कधी थांबत नाही. ताउनोने चमचा कोरणं थांबवलं.

"काय गं ताई, अशी काय उभी?"

"परक्याने कुठे उभं राहायचं असतं?"

"वेडी का तू? सगळं जग सरळ आत शिरतं इथे. परवा एक जण आईच्या पलंगावर बसून सॉसेज खात होता."

"जगाला काय ठाऊक? मला ठाऊक आहे. बोलाव की. मालकासारखा बसलायस, सदरा काय, टोपी काय!"

"सदरा संग्रहालयाचा आहे. धुवायलासुद्धा तेच नेतात."

ती हसली नाही.

दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला 'या, या' म्हणणाऱ्या ताउनोला ते दोन शब्द जड झाले. जिने ही जमीन घासली, त्याला कडेवर घेऊन इथेच फिरवलं, तिला कुठल्या तोंडाने आत बोलवायचं? बोलावलं, तर ती कायमची पाहुणी ठरणार. न बोलवावं, तर ती निघून जाणार. तिने पिशवी छातीशी घट्ट धरली होती. सत्तरी उलटलेली बाई परत इतक्या लांब येणार नव्हती.

त्याने सुरी खाली ठेवली. तुळईची हद्द ओलांडून तो दाराकडे आला, टोपी काढली आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"हे काय आता?" सायमी म्हणाली.

"ज्याने घर देऊन टाकलं तो कसा बोलवणार? चुकलं माझं, ताई. घाबरलो होतो तुला. आता बोलवायचं तर तूच बोलाव. थोरली तू आहेस."

तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं. "आजी, जरा वाट द्या ना," त्यातला बाप म्हणाला.

"थांब रे बाबा," मागे न बघता सायमी म्हणाली. "घरात अजून कुणी नाहीये."

बिचारा खरंच थांबला. सायमी तुळई ओलांडून आत गेली. चुलीच्या कट्ट्यावर हात ठेवून ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. वळली तेव्हा डोळे पुसत होती, आणि ते लपवतही नव्हती.

पाहुणे आत सरकायला लागले, तशी तिने हात वर केला.

"तुम्ही थांबा जरा. आधी घरच्या माणसाला येऊ दे."

ताउनोने पाय पुसले आणि तो आत गेला.