रिपोर्टातला उपास

मोहिनीच्या रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला तो दोन हजार चार सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. अकरा पानं. माझं सर्व्हिस बुक सतरा वर्षांत एवढं भरलेलं नाही.

त्याआधी आठ महिने माझ्या बायकोच्या अंगावर पित्त उठत होतं. सकाळी मांडीवर, दुपारी पाठीवर, आणि शाळेतून घरी येईपर्यंत वरचा ओठ सुजलेला. आमसुलाचं पाणी लावून झालं. गेरू चोळून झाला. आईने विंचूरहून काळी घोंगडी पाठवली, ती मे महिन्यात पांघरून झाली. मग एका डॉक्टरांनी सांगितलं, रक्त तपासू, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते छापील कळेल. 'छापील' म्हटल्यावर मी विरघळलो. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात स्टोअर्सला आहे. जे कागदावर नाही, ते समोरच्या कपाटात असलं तरी आमच्या लेखी नसतं.

रिपोर्टात शंभरावर पदार्थ होते आणि त्यातल्या सदतीस पदार्थांपुढे अधिकची चिन्हं. गहू, बाजरी, तांदूळ, तूर, हरभरा, शेंगदाणे, दूध, कांदा, लसूण, वांगं. डॉक्टरांनी पानं दोन मिनिटं चाळली.

"प्लस असेल ते बंद."

"किती दिवस?"

"पित्त थांबेपर्यंत."

घरी येऊन मी त्यातून घरात खाण्यासारखं जे उरलं होतं त्याची यादी केली. भगर, राजगिरा, बटाटा, रताळं, काकडी, केळं, नारळ. मोहिनीने ती वाचली. ती शाळेत विज्ञान शिकवते, बी.एस्सी. केमिस्ट्री.

"अहो, ही तर एकादशी आहे."

"शेंगदाण्याचं कूट सोडून," मी म्हणालो.

"म्हणजे एकादशीसुद्धा धड नाही."

घरात ते जमलं. खरी अडचण बाहेर होती. माझ्या ऑफिसातल्या एकाची वास्तुशांत होती, तिथे मोहिनीने खरं सांगून पाहिलं. यजमानीणबाई म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी-बिलर्जी काही नसतं हो, मनाचं असतं." त्यांची बहीण म्हणाली, "एका पुरीने काय होतंय?" यजमान स्वतः येऊन म्हणाले, "वहिनी, आमच्या हातचं चालत नाही असं सरळ सांगा ना." शेवटी मोहिनीने अर्धी पुरी खाल्ली. संध्याकाळी पित्त उठलं. ते आदल्या दिवशी रताळं खाऊनही उठलं होतं, पण पुरी समोर असताना रताळ्यावर संशय कोण घेणार?

दिवाळीत शेजारच्या विमलाबाईंकडे फराळाला बोलावलं. ताटली पुढे आल्यावर मोहिनी एकदम म्हणाली, "माझा उपास आहे."

विमलाबाईंचा हात झटकन मागे गेला. "अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं! कुठला गं?"

"असाच. धरलाय."

पुढे एक अक्षर नाही. बोललेला नवस सांगायचा नसतो, सांगितला की फळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विमलाबाईंनी स्वतः जाऊन शहाळं आणलं. अकरा पानी रिपोर्टाला जे साधलं नव्हतं, ते तीन अक्षरांनी झालं. त्यानंतर लग्न, बारसं, शाळेतलं स्नेहभोजन, सगळीकडे आम्ही तेच सांगत गेलो. कल्पना मोहिनीची होती, पण तिला शाबासकी मी दिली.

जानेवारीत माझा मोठा भाऊ धनराज विंचूरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव चालू असताना खाली बसला, तो त्याला उठवेना. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, तेही नाशकात. ओझरहून नाशिक जवळ, म्हणून दादा आणि सविता वहिनी आमच्याकडे राहायला आले.

वहिनी स्वयंपाकघरात मोहिनीला मदत करू लागल्या. तीन दिवस त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पाहत राहिल्या. तीन माणसांसाठी पोळ्या लाटायच्या आणि मोहिनीने स्वतः कोपऱ्यात बसून भगर खायची. चौथ्या दिवशी दादा डायलिसिसवरून येऊन पलंगावर पडलेला असताना वहिनी हात पुसत बाहेर आल्या.

"मोहिनी, एक विचारू? दिवाळीत यांच्या पायाला सूज आलेली, तवाच तू धरला ना?"

मोहिनीला कळेना. "काय, ताई?"

"उपास. विमलाबाई बोलल्या मला. दिवाळीपासून अन्न नाय घेतलं म्हणे तू. माझ्या लक्षात नाय आलं गं, मी सख्खी बायको असून." आणि वहिनी वाकल्या. थोरल्या जावेने धाकटीच्या पाया पडायचं हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. मोहिनी दोन पावलं मागे सरकली, भिंतीला टेकली.

दादा पलंगावरून म्हणाला, "मोहिनी, माझ्यापायी तुझ्या तोंडचं अन्न गेलं."

महिनाभरात तो पहिल्यांदा हसत होता. मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं ते मी सांगायचं होतं. रिपोर्ट शेजारच्या कपाटात होता. मी म्हणालो, "दादा, तू पड. बोलू नकोस जास्त."

पुढच्या आठवड्यात दादाची सूज उतरली. ती डायलिसिसने उतरली होती, पण डायलिसिसच्या पाया कोणी पडत नाही. आईने विंचुरात सांगितलं. मग रविवारी बायका येऊ लागल्या, मोहिनीची ओटी भरू लागल्या. एकीने सुनेला मूल होईना म्हणून विचारलं. नववी 'ब'ला आम्ल-आम्लारी शिकवून आलेली माझी बायको पाटावर बसून ते सगळं ऐकायची, आणि पदराखाली दंड खाजवायची. कारण पित्त थांबलेलं नव्हतं. एक दिवसही.

एप्रिलमध्ये तिचं वजन अडतीस किलो झालं आणि वेणीची जाडी करंगळीएवढी. मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही.

"हा रिपोर्ट यायच्या आधी पित्त उठायचं?"

"हो."

"सगळं खाताना?"

"हो."

"बंद केल्यावर?"

"हो."

"मग बंद कशाला केलंत? रक्तात खूण दिसली म्हणजे तो पदार्थ बाधतो असं नसतं, बाई. बरेच दिवस चालणाऱ्या पित्ताला बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. ही गोळी रोज घ्या आणि घरी जाऊन पोटभर जेवा."

मोहिनी रडली नाही. तिने विचारलं, "सहा महिने, डॉक्टर?"

"वाया गेले," ते म्हणाले. सरळ माणूस.

बाहेर पडल्यावर मी तिला मिसळीच्या हॉटेलात नेलं. कांदा, पाव, मटकी, फरसाण. रिपोर्टातली दोन पानं एका ताटलीत. तिने पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि हात तसाच ठेवला.

"आज दादांचं डायलिसिस आहे."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"अजिबात नाही."

"मग खा."

"खाते. आजचं नीट होऊ दे."

आजचं नीट झालं. मग शुक्रवारचं होऊ दे, मग मंगळवारचं. मी चिडलो की ती शांतपणे म्हणायची, "मी खाल्लं आणि त्याच दिवशी काही झालं, तर तुम्ही सांगाल का ताईंना, हा योगायोग आहे म्हणून?" मी कपाटातला रिपोर्ट त्या वेळी सांगितला नव्हता. योगायोग काय सांगणार होतो? गोळीने पित्त मात्र थांबलं. भगर खाऊन थांबलं, अशी विंचुरात बातमी.

दादा मेच्या अखेरीस गेला. डायलिसिसच्या खाटेवरच, रक्तदाब उतरून. तोपर्यंत मोहिनीच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो, आता ऐकायला कोणी नसलं तरी.

दहावा झाल्यावर वहिनींनी मोहिनीला विंचूरच्या घरात, माजघरात जवळ बसवून घेतलं. मी दारात होतो. वहिनींच्या आवाजात राग नव्हता. दहा दिवस त्या एकच गोष्ट शोधत होत्या.

"मोहिनी, खरं सांग. चुकून काही गेलं का गं तोंडात? मी काय बोलणार नाय. मला फक्त कळू दे, असं का झालं."

मला वाटलं, मोहिनी आता सांगेल. मला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

"हो, ताई," ती म्हणाली. "एकदा. मिसळ खाल्ली."

वहिनींनी मान हलवली. मग हळूच आपला हात तिच्या हातातून काढून घेतला.

परसात मी तिला गाठलं. "वेडी आहेस का? का बोललीस खोटं?"

"मग काय सांगू? उपास नव्हताच, हे? दादा ज्याच्या भरवशावर पाच महिने हसत होते, ते काहीच नव्हतं, हे सांगू त्यांना?" ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगता?"

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. पुरुषांची पंगत ओट्यावर, बायकांची आत, मधलं दार उघडं. मला पूर्ण ताट वाढलं गेलं: वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. आत मोहिनी पंगतीच्या टोकाला बसली होती. आठ महिन्यांनी ती चारचौघांत जेवायला बसली होती. पुतणसून भाताचं पातेलं घेऊन तिच्यासमोर वाकली, तोच कोपऱ्यातून वहिनींचा आवाज आला.

"तिला नको वाढू. तिचं खाऊन झालंय."

पातेलं पुढे गेलं. मग वरण पुढे गेलं, पुऱ्या पुढे गेल्या. आईने मान खाली घातली. मोहिनी उठली नाही, कारण पंगतीतून मध्ये उठायचं नसतं. रिकाम्या ताटाला हात लावून बसून राहिली.

ओट्यावरून मला ते सगळं दिसत होतं. मला फक्त उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. शेजारचा म्हणाला, "घ्या ना भाऊसाहेब, बुंदी घ्या अजून."

मी घेतली.