बंपरमागचा फिल्टर

लोधिवलीच्या राजेशने गाडीचा मूळ एअर फिल्टर काढून बाहेरचा बसवून घेतला होता, तो निव्वळ हौसेपोटी. कंपनीच्या डब्याऐवजी एक लांब नळी आणि तिच्या टोकाला उघडा फिल्टर, थेट पुढच्या बंपरमागे, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तिथे इंजिनाला गार हवा मिळते. गाडी जरा जास्त उसळते आणि पाय दाबला की घुमते. त्या घुमण्यावर राजेश खूश होता.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी तो आईला, सोनाबाईला, डायलिसिससाठी कर्जतला घेऊन निघाला. शनिवारची तिची डायलिसिसची पाळी तापामुळे चुकली होती. पाय सुजले होते, आडवं झालं की धाप लागायची, म्हणून दोन रात्री तिने बसूनच काढल्या होत्या. आज चुकवून चालणार नव्हतं.

चौक गाव मागे पडलं आणि एका सखल जागी शेतातलं पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं. राजेशने गाडी थांबवली. त्याच्याच गाडीसारखी एक पांढरी गाडी बाजूने पुढे गेली आणि सावकाश पार झाली.

"ती गेली की रं! तू का थांबलास?" सोनाबाईने विचारलं.

राजेश पँट वर सारून पाण्यात उतरला. पाण्याला ओढ नव्हती, पण मध्यावर पोटऱ्या बुडाल्या. परत येऊन त्याने आईला खरं ते सांगितलं.

"आये, आपली गाडी खालून हवा घेते. पाणी आत ओढलं तर इंजिन जागच्या जागी बसंल."

"मग तिचं कसं नाय बसलं?"

"तिचं तोंड वर हाय. आपलं मी खाली नेलंय. गार हवेसाठी."

सोनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "गार हवेपायी नाक पायाशी नेलंस? शाबास!"

मागून आलेल्या दोन रिक्षा पाणी बघून वळल्या. फेऱ्याने जायचं तर तास-दीड तास मोडणार होता. आई तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती.

नळी दोन तुकड्यांची होती, हे त्याला तेवढ्यात आठवलं. त्याने डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बॉनेट उघडलं. पाऊस चालूच होता. मागे दार वाजलं. सोनाबाई छत्री घेऊन उतरली आणि इंजिनावर छत्री धरून उभी राहिली.

"आये, आत बस. तुला उभं राहवत नाय."

"तू हात चालव."

राजेश चिखलात उताणा झोपला आणि बंपरखालून हात घालून फिल्टर सोडवला. मग खालचा तुकडा काढला, वरच्या तुकड्यालाच फिल्टर लावला आणि पट्टी आवळली. आता हवा बॅटरीच्या वरून येणार होती. गरम येईना का. आई गाडीला रेलली होती. बॉनेट मिटून त्याने तिला धरून सीटवर बसवलं.

पहिला गिअर टाकून तो पाण्यात शिरला. अर्ध्यावर समोरून एक टेंपो भरधाव आला आणि पाण्याची लाट बॉनेटवर चढली. राजेशने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला नाही. इंजिन एकदा खोकलं, मग एका सुरात चालू राहिलं. पलीकडे गाडी चढावर लागली तेव्हा कुठे सोनाबाईने देवाचं नाव घेतलं.

सेंटरला चाळीस मिनिटं उशीर झाला. नर्सबाईंनी राजेशच्या चिखलाने भरलेल्या कपड्यांकडे एकदा बघितलं आणि सोनाबाईला मशीनवर घेतलं. दुपारपर्यंत तिची धाप उतरली आणि तिने बिनसाखरेचा अर्धा कप चहा मागितला.

रविवारी राजेशने माळ्यावरचा कंपनीचा डबा काढून पुन्हा गाडीला बसवला. गाडी आता घुमत नाही. पहिले काही दिवस त्याला चुकल्यासारखं झालं. सोनाबाईला मात्र आता गाडीतही डुलकी लागते.